रेणूंचे साचे

चहाच्या पेल्यांतील कॅफीन आणि दम्यावरील औषध थिओफिलीन हीं रसायनशास्त्राच्या दृष्टीनें सख्खीं भावंडें होत. कॅफीनच्या रेणूंत तीन मेथिल गट असतात, थिओफिलीनच्या रेणूंत दोन. बाकी ठेवण सारखीच. परंतु रक्तांतील थिओफिलीन उणें पडलें तर दमा हटत नाहीं, आणि थोडें अधिक झालें तर उलट्या, आंकडी, हृदयाची अनियमित धडधड अशीं संकटें ओढवतात. चहा घेऊन आलेल्या रोग्याच्या रक्तांतील हें औषध मोजावयाचें, तर या भावंडांत गफलत न करणारा पारखी हवा.

असा पारखी घडवितां येतो. मूर्तिकार मूळ मूर्तीवरून साचा घेतो व मूर्ति काढून ठेवतो. मागें तिच्याच आकाराची पोकळी उरते. येथेंही रीत तीच. क्लोरोफॉर्ममध्यें थिओफिलीन विरघळवून त्यांत मेथॅक्रिलिक आम्ल मिसळतात. आम्लाचे रेणु थिओफिलीनला ठिकठिकाणीं हलकेच बिलगतात. मग त्यांना परस्परांशीं जखडणारें दुसरें द्रव्य घालून सर्वांचें एक कठीण जाळें बनवितात; यालाच बहुवारिक म्हणतात. तें कुटून, धुऊन आंतील थिओफिलीन काढून टाकलें कीं त्याच्या ठशाच्या पोकळ्या राहतात. थिओफिलीन त्यांत नेमकें बसतें. कॅफीनचा तिसरा मेथिल गट मात्र आडवा येतो.

या कल्पनेचा उगम मोठा मौजेचा आहे. शरीरांतील प्रतिपिंडें रोगकारक द्रव्याभोंवतीं वळून त्याचा आकार घेतात, असें मत लायनस पाउलिंग यांनीं १९४० सालीं मांडलें. त्यावरून त्यांचे शिष्य फ्रँक डिकी यांनीं मेथिल ऑरेंज या रंगाच्या सान्निध्यांत सिलिका जेल तयार केलें, आणि तें नात्यांतल्या इतर रंगांपेक्षां त्याच रंगाला अधिक धरून ठेवतें, असें १९४९ मध्यें दाखविलें. पुढें पाउलिंग यांचें मत चुकीचें ठरलें. प्रयोग मात्र टिकला. १९७२ मध्यें जर्मनींत गुंटर वुल्फ यांनीं तो बहुवारिकांत उतरविला, आणि १९९३ मध्यें स्वीडनमधील लुंड येथील क्लाउस मोसबाख यांच्या मंडळींनीं रक्तद्रवांतील थिओफिलीन याच रीतीनें मोजून दाखविलें.

प्रतिपिंडांसाठीं बहुधा प्राण्यांना टोचावें लागतें, शिवाय तीं उष्णतेनें बिघडतात. हा साचा उष्णता व आम्ल दोन्ही सोसतो. उणिवाही आहेतच. सर्व पोकळ्या सारख्या सुबक नसतात, पाण्यांत पकड ढिली होते, आणि धुऊनही मागें राहिलेलें मूळ द्रव्य पाझरून मोजणी चुकवितें. म्हणून साचा घेण्याइतकेंच तो निर्मळ धुणेंही महत्त्वाचें आहे.