मान सोडला आणि ‘मानापमान’ रंगले

क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांपैकी पेढीवर चर्चा होते ती बहुधा लोभाची. परंतु घरोघरी आणि बाजारात दुरावा निर्माण करतो तो मान. राजूरसारख्या बाजारगावात समोरासमोरच्या दोन दुकानदारांना एकाच सत्कार्यासाठी एका बैठकीवर आणणे किती कठीण, हे जाणत्यांना सांगावयास नको. शंभर वर्षांपूर्वी दोन नाटक मंडळ्यांनी ते करून दाखविले.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘संगीत मानापमान’ १२ मार्च १९११ रोजी मुंबईत रंगभूमीवर आले. संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. धनवान घरची भामिनी निर्धन सेनापती धैर्यधराचा अव्हेर करते आणि पुढे त्याचे खरे मोल ओळखते, असे त्याचे कथानक. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही कन्या निवर्तली. तरीही ते भामिनी होऊन रंगमंचावर उभे राहिले.

पुढे १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली. तिच्या तोडीची संस्था म्हणजे केशवराव भोसले यांची, १९०८ साली स्थापन झालेली ‘ललितकलादर्श’. त्या काळची नाटक मंडळी ही एक पेढीच होती. नटांचे पगार, बिऱ्हाडाचा खर्च, पडदे, प्रवास आणि वर सावकाराचे व्याज, हे सारे रोजच्या गल्ल्यातून भागवावयाचे. गंधर्व मंडळीवर तर कर्जाचा मोठा बोजा होता.

अशा स्थितीत ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडाच्या साहाय्यार्थ, मुंबईच्या बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. एकाच रात्री, एकाच रंगमंचावर तुलना अटळ होती; जो उणा ठरेल त्याच्या पुढील उत्पन्नाला धक्का बसला असता. तो धोका दोघांनीही पत्करला आणि प्रयोग अविस्मरणीय ठरला.

अवघ्या ८८ दिवसांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव वयाच्या एकतिसाव्या वर्षी कालवश झाले. त्या जुलैमध्ये कोणी मानापायी ‘पुढे पाहू’ म्हटले असते, तर ती संधी कायमची हुकली असती.

खतावणीत धनाच्या दानाची नोंद होते. मानाच्या त्यागाला खाते नसते. परंतु पर्युषणातील क्षमापनेप्रमाणे तोही वेळेवर व्हावा लागतो.