लावलेले झाड राखावे कसे?

पावसाळा लागला की डहाणू-तलासरीकडे आपण झाडे लावतो. मोह, खैर, ऐन, जांभूळ ही आपल्या मातीतली झाडे. खड्डा खणला, रोप लावले, माती दाबली. पालवी फुटली. पण होळीला जाऊन पाहावे, तर नुसती काडी उभी! "झाड लावलं, पण जगलं का?" हाच खरा प्रश्न आहे.

रोप कोण खाते? रानात भेकर, चितळ असेल तर ते कोवळा शेंडा खुडते. चितळाचा नर खोडावर शिंगे घासतो, साल सोलतो. पण आपल्या गावात जास्त भीती घरच्याच जनावरांची. शेतात भात उभे असते तोवर गुरांमागे गुराखी असतो. भात घरात आले की गुरे मोकळी सुटतात. पुढे गवत वाळते. मग हिरवे दिसते ते आपले रोप! शेळी तर मागच्या पायांवर उभी राहून शेंडा ओरबाडते. शेंडा गेला की झाडाची वाढ मागे पडते.

मोहाचेच पाहा. जुने मोह आहेत, पण त्यांच्याखाली तरणे मोह किती? फुले आपण वेचतो, बियाही तेलासाठी वेचतो. चुकून एखादी बी रुजली, तर तिला जनावर खाते. आज लावलेला मोह फुलायला दहा वर्षे तरी लागतात. आपल्या नातवंडांनी फुले वेचायची कुठे?

मग काय करायचं? थोड्या खर्चाचे चार उपाय सांगतो.

पहिला उपाय बोराटीचा. बोरीच्या काटेरी फांद्या रोपापासून हातभर दूर, गोल रोवाव्यात. कुंपण छातीइतके उंच असावे. फांद्या वाळून मोडतात, त्यांना वाळवी लागते. म्हणून दर वर्षी भातकापणीच्या आधी नव्या घालाव्यात.

दुसरा उपाय बांबूच्या कामट्यांचा पिंजरा. घराचा कूड विणणाऱ्या हातांना हे काम अवघड नाही. पिंजरा दोन खुंट्यांना घट्ट बांधावा. नाहीतर गाय शिंगाने उलटवते.

तिसरा उपाय जिवंत कुंपणाचा. शेर आणि निरगुडी यांना जनावरे सहसा तोंड लावत नाहीत. पावसाच्या सुरुवातीला त्यांच्या फांद्या बांधावर दाट लावाव्यात. शेराचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

चौथा उपाय रानानेच शिकवला आहे. करवंदीच्या जाळीत रोप लावावे. शेळीचे तोंड तिथे सहज पोचत नाही.

किती दिवस राखायचे? शेंडा सात फुटांच्या वर जाईपर्यंत. त्याला तीन ते पाच वर्षे लागतात, कधी जास्तही.

एक गोष्ट मात्र कधीच करू नये. कुंपणात विजेचा प्रवाह सोडू नये. त्याने माणसेही मरतात. हरणासाठी फासे लावणे हाही १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे गुन्हा आहे.

एकट्याने कुंपण घालावे, पण राखण सर्वांनी करावी. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने चराईबंदी ठरवली. गुरे डोंगरावर सोडायची नाहीत, गवत कापून आणायचे. उघडा डोंगर पुन्हा हिरवा झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेलाही जंगल राखण्याचा अधिकार दिला आहे. तेव्हा भात कापण्याआधी पाड्यावर बसू या. गुरे कुठे चरतील, रोपे कोण राखील, हे ठरवू या. लावण्याचे काम एका दिवसाचे. राखण्याचे काम काही वर्षांचे. पण झाड उभे राहते ते राखल्यानेच.