चकाकतं ते सगळं सोनं नसतं: फॉइल कार्डांचा खरा हिशोब



मागच्या बॅचमध्ये एका ताईंनी मला विचारलं, "सर, घरचे चाळीस हजार आहेत. मुलं त्या चमचमणाऱ्या पोकेमॉन कार्डांच्या मागे वेडी झालीत. सगळे पैसे त्यातच घालू का? नाही विकली गेली तरी पुढे भाव वाढेलच ना?"

उत्तर देण्याआधी मी त्यांना माझ्या दुकानातला एक प्रसंग सांगितला. तोच आज तुम्हालाही सांगतो, कारण त्यात चूक माझी होती.

चिपळूणला माझं स्टेशनरी आणि खेळण्यांचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी एका होलसेलवाल्याने सोनेरी पोकेमॉन कार्डांचे डबे दाखवले. एका डब्यात ५५ कार्डं, सगळीच्या सगळी सोन्यासारखी चकचकीत. मार्जिन मस्त. मी दोन डझन डबे उचलले. सातवीतल्या एका मुलाने दिवाळीला मिळालेले खाऊचे पैसे साठवून एक डबा नेला. सुट्टीत तो पुण्याला मावशीकडे गेला. तिथे काही मुलं एकत्र बसून हा खेळ नियमाने खेळायची. हा आपला डबा घेऊन तिथे पोचला आणि पाच मिनिटांत त्याला कळलं, की ही कार्डं खोटी आहेत, यांनी खेळता येत नाही.

तो परत दुकानात आला. भांडला नाही, रडला नाही. काउंटरवर डबा ठेवून एवढंच म्हणाला, "काका, तुम्हाला माहीत होतं का?"

खरं सांगतो, मला नक्की माहीत नव्हतं. पण शंका होती, आणि ती मी मार्जिनखाली दाबून ठेवली होती. त्याचे पैसे परत केले, उरलेले डबे शेल्फवरून काढून टाकले. तो तोटा मी धंद्याची फी समजतो. त्यानंतर मी या कार्डांचा नीट अभ्यास केला.

चमक म्हणजे किंमत नाही

हे मी एका उदाहरणाने सांगतो. १९९९ साली इंग्रजीत पोकेमॉनचा पहिला सेट आला. त्यात एकूण १०२ कार्डं होती आणि चित्रावर चमक असलेली, म्हणजे होलो, फक्त १६. त्यातलं चौथ्या नंबरचं चारिझार्ड आज जगभरातले संग्राहक शोधत असतात. चांगल्या अवस्थेतल्या कार्डाला मोठी रक्कम मिळते.

आता त्याच सेटमधलं आठव्या नंबरचं मॅचॅम्प बघा. तेही होलोच. वय तेच, चमक तीच. शिवाय त्यावर 'फर्स्ट एडिशन'चा शिक्काही आहे. तरी त्याचा भाव चारिझार्डच्या जवळपासही जात नाही. का? कारण ते दोन खेळाडूंच्या स्टार्टर बॉक्समध्ये हमखास मिळायचं. ज्याने बॉक्स घेतला त्याच्याकडे मॅचॅम्प आलंच.

म्हणजे भाव तीन गोष्टींवर ठरतो. किती लोकांना ते हवंय, किती शिल्लक आहेत आणि कोणत्या अवस्थेत आहेत. चमक फक्त नजर खेचते.

आणि आता तर चमक आणखी स्वस्त झाली आहे. २०२३ साली 'स्कार्लेट अँड व्हायलेट' मालिका सुरू झाली, तेव्हापासून दहा कार्डांच्या इंग्रजी पॅकमध्ये किमान तीन फॉइल कार्डं असतात. जे प्रत्येक पॅकमध्ये निघतं ते दुर्मीळ कसं म्हणायचं?

खेळायचं असेल तर

खेळात फॉइल कार्डाला एक गुणही जास्त मिळत नाही. तेच कार्ड साधं असो वा चमकणारं, त्यावरचा हल्ला तोच, नियम तेच. पोकेमॉनचा डेक ६० कार्डांचा लागतो. तो साध्या कार्डांवर व्यवस्थित उभा राहतो आणि खिशालाही परवडतो.

उलट फॉइलने कधीकधी अडचणच होते. फॉइल कार्ड म्हणजे कागदी पुठ्ठ्याच्या एका बाजूला चिकटवलेला चमकदार थर. हवेत दमटपणा वाढला की कागद ओलावा शोषून फुगतो, तो थर मात्र फुगत नाही. मग कार्ड वाकतं. आमच्या कोकणात जून ते सप्टेंबर उघड्यावर ठेवलेलं कार्ड भाजलेल्या पापडासारखं वळतं. आता सपाट कार्डांच्या डेकमध्ये चारच कार्डं वाकलेली असली, तर पिसताना ती पाठीमागूनही ओळखू येतात. स्पर्धेत अशी कार्डं 'मार्क्ड' समजली जातात, पंच ती बदलायला सांगू शकतात. पोकेमॉन असो की 'मॅजिक: द गॅदरिंग', दोन्हीकडे हा नियम आहे.

म्हणून खेळणाऱ्या मुलाला माझा सल्ला सरळ आहे. डेक साध्या कार्डांचा बनव, आणि एखादं आवडतं फॉइल कार्ड अल्बममध्ये ठेव.

गोळा करायचं असेल तर

आवड म्हणून जरूर करा. सुंदर वस्तू जवळ असण्याचा आनंद खरा असतो, त्याला कोणी नाव ठेवू नये. फक्त आनंदाचा खर्च आणि गुंतवणूक यांची वही वेगळी ठेवा.

एक साधा तर्क सांगतो. बंद पॅक फोडून सरासरी पॅकच्या किमतीपेक्षा जास्त माल निघत असता, तर आम्ही दुकानदारांनी ते तुम्हाला विकलेच नसते, रात्री शटर पाडून स्वतःच फोडले असते! पॅक फोडणं ही नशिबाची मजा आहे. एखादं ठरावीक कार्ड हवं असेल तर तेवढं सुटं घ्या, स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट, छापखाना कंपनीच्या हातात असतो. 'मॅजिक'च्या कंपनीने १९९५ साली 'क्रॉनिकल्स' नावाचा सेट काढून जुनी कार्डं पुन्हा छापली. संग्राहक एवढे नाराज झाले, की १९९६ साली कंपनीला काही कार्डं पुन्हा न छापण्याची यादी जाहीर करावी लागली. सगळ्या खेळांत असं वचन मिळत नाही. आज महाग असलेलं कार्ड उद्या नव्या सेटमध्ये येऊ शकतं.

तिसरी गोष्ट, अवस्था. पीएसएसारख्या संस्था कार्ड तपासून १ ते १० गुण देतात. कोपरा जरा घासला, पृष्ठभागावर ओरखडा आला, की गुण कमी आणि भावही कमी. फॉइलवर तर ओरखडा लगेच दिसतो. म्हणून कार्ड हातात आलं की आधी स्लीव्हमध्ये घाला. मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. नुसतं स्लीव्ह दमट हवा अडवत नाही.

दुकानात ठेवायची असतील तर

माझे चार नियम लिहून घ्या.

१. माल ओळखा. खरं कार्ड पुठ्ठ्याचं असतं. खऱ्या सेटमध्येही सोनेरी कार्डं निघतात, पण अख्खा डबा सोनेरी आणि प्लॅस्टिकचा असेल तर समजून जा. पाठीचा निळा रंग, अक्षरं, स्पेलिंग खऱ्या कार्डाशेजारी ठेवून ताडून बघा.

२. बिल मागा. जो पुरवठादार पक्कं बिल द्यायला का-कू करतो, त्याच्याकडून ब्रँडेड माल घेऊ नका.

३. भांडवल अडकवू नका. वह्या-पेनं महिन्यात फिरतात. "पुढे भाव वाढेल" म्हणून ठेवलेलं कार्ड फिरत नाही, आणि भाडं मात्र दर महिन्याला द्यावंच लागतं.

४. आशा विकू नका. "घे रे, उद्या लाखाचं होईल" हे वाक्य लहान मुलासमोर कधीही बोलायचं नाही. "बाळा, यातून काय निघेल ते नशीब" एवढं सांगा आणि मग विका.

त्या ताईंनी शेवटी चाळीसपैकी पाच हजार या प्रकारात घातले. त्यातले बरेचसे स्लीव्ह, अल्बम आणि तयार डेक यांत, थोडे बंद पॅकमध्ये. बाकीचे शाळेच्या सामानात. मला तो हिशोब पटला, कारण अंदाज चुकला तरी दुकान बंद पडणार नाही.

आणि तो मुलगा? आता दहावीत आहे. अजून माझ्याकडेच येतो. काहीही घेताना विचारतो, "काका, खरं आहे ना?" मित्रांनो, या प्रश्नाला मान वर करून "हो" म्हणता आलं पाहिजे.

आजचा गृहपाठ: तुमच्या दुकानातल्या किंवा मनात ठरवलेल्या मालाची यादी काढा. प्रत्येक वस्तूपुढे लिहा, गिऱ्हाईक ती का घेतं, ती किती दिवसांत फिरते आणि तिच्याबद्दल मी काय लपवतोय. तिसऱ्या रकान्यात काही लिहावं लागलं, तर तो माल आजच शेल्फवरून काढा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.