एक्सपोर्ट केल्यावर व्हिडिओची साईज का बदलते? आधी ताट गोल आहे का ते बघा!



गेल्या लग्नसराईतली गोष्ट सांगतो. परंड्यात माझं भांड्यांचं दुकान आहे. रुखवताच्या सेटचा ४० सेकंदांचा व्हिडिओ मोबाईल उभा धरून काढला. भांड्यांच्या खाली पाटी, पाटीवर भाव आणि दुकानाचा नंबर. एडिट केला, एक्सपोर्ट केला, ग्रुपवर टाकला. दिवसभर चौकशीचा फोन नाही. संध्याकाळी एका जुन्या गिऱ्हाइकानं विचारलं, "दादा, भाव कुठं लिहिलाय?" बघतो तर व्हिडिओ आडवा झालेला आणि पाटी कापली गेलेली!

घाईघाईत मी एक्सपोर्टच्या खिडकीत रुंदी १०८० आणि उंची १९२० असे आकडे टाकले आणि पुन्हा पाठवला. आता दुसरा फोन, "ओ दादा, ताटं दबलीत का?" व्हिडिओ उभा झाला होता, पण गोल ताटं अंड्यासारखी लांबुळकी दिसत होती. आणि पाटी? ती तरीही नव्हतीच.

पाटी का परत आली नाही, हे समजलं की हा सगळा विषय समजला.

तीन जागा, तीन साईज

तुमचा व्हिडिओ तीन ठिकाणांहून जातो. पहिलं, मूळ शूटिंग. दुसरं, एडिटिंगचा प्रोजेक्ट म्हणजे टाइमलाइन. तिसरं, एक्सपोर्ट. तिन्ही ठिकाणी साईज वेगवेगळी असू शकते. टाइमलाइनवर जे कापलं गेलं, ते एक्सपोर्टला मिळतच नाही. म्हणून शेवटच्या खिडकीत कितीही आकडे बदलले तरी कापलेलं परत येत नाही. कणीक मळताना मीठ विसरलं, तर ते भाकरी तव्यावर टाकल्यावर घालता येत नाही, तसंच हे.

माझं चुकलं ते इथं. मी सुरुवातीला दुकानाच्या बोर्डाची जुनी आडवी क्लिप टाकली होती. बरीच ॲप पहिल्या क्लिपवरूनच प्रोजेक्टची साईज ठरवतात. त्यामुळं प्रोजेक्ट झाला १९२० बाय १०८०. उभी क्लिप त्यात पूर्ण रुंदी भरेल अशी मोठी केली गेली. हिशोब करून बघा, रुंदी १०८० ची १९२० झाली की उंची १९२० ची साधारण ३४१३ होते. त्यातले १०८० च दिसतात. म्हणजे दोन-तृतीयांशापेक्षा जास्त चित्र फ्रेमबाहेर गेलं!

लक्षणावरून आजार ओळखा

– बाजूला काळ्या पट्ट्या : पूर्ण चित्र आत बसवलंय, म्हणजे 'फिट'. काही कापलेलं नाही.
– कडा कापल्या : फ्रेम भरलीय, म्हणजे 'फिल'.
– ताट लांबट किंवा चपटं : चित्र ओढलंय, म्हणजे 'स्ट्रेच'. हे कधीच निवडू नका.

नेहमीची कारणं

१. प्रोजेक्टची साईज चुकीची. वर सांगितलं तेच. एडिटिंग सुरू करण्याआधी रेशो स्वतः निवडा. स्टेटस, रील, शॉर्ट्ससाठी ९:१६, यूट्यूबच्या लांब व्हिडिओसाठी १६:९.

२. एक्सपोर्टचा जुना प्रीसेट. मागच्या वेळी चौकोनी पोस्ट बनवली असेल, तर १०८० बाय १०८० तसंच राहिलेलं असतं. 'एक्सपोर्ट' दाबण्याआधी एकदा आकडे वाचा.

३. फिरवण्याची खूण. बरेच मोबाईल उभं शूटिंगसुद्धा आडव्या फ्रेममध्ये साठवतात आणि फाईलमध्ये 'फिरवून दाखवा' अशी खूण ठेवतात. एखाद्या सॉफ्टवेअरनं ती खूण वाचली नाही की व्हिडिओ आडवा पडतो. टाइमलाइनवर क्लिप ९० अंशांत फिरवा, काम झालं.

४. जुन्या कॅमेऱ्याचे पिक्सेल. जुन्या लग्नाच्या शूटिंगमध्ये ७२० बाय ५७६ किंवा १४४० बाय १०८० अशी साईज सापडते. यातले पिक्सेल चौकोनी नसतात. १४४० ची फाईल दाखवताना १९२० इतकी रुंद व्हायला हवी. सॉफ्टवेअरनं पिक्सेल चौकोनी धरले, तर माणसं बारीक दिसतात. क्लिपच्या सेटिंगमध्ये 'पिक्सेल आस्पेक्ट रेशो' तपासा.

५. विषम आकडे. नेहमीच्या एच.२६४ एक्सपोर्टला रुंदी आणि उंची सम लागते. १०८१ टाकलं तर सॉफ्टवेअर १०८० करतं किंवा एरर देतं. यात घाबरण्यासारखं काही नाही.

६. फाईल बरोबर, पाठवताना बदल. व्हॉट्सॲप व्हिडिओ लहान करून पाठवतं. मूळ साईज हवी असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

धंद्याचा तोटा कुठं होतो?

१५ ऑक्टोबर २०२४ पासून अपलोड केलेला, ३ मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओ यूट्यूब शॉर्ट्समध्ये धरतं. शॉर्ट्सच्या डिस्क्रिप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही. म्हणजे तुम्ही आडवा व्हिडिओ बनवून खाली व्हॉट्सॲपची लिंक दिली, आणि चुकून चौकोनी एक्सपोर्ट झाला, तर लिंक फक्त दिसायला राहते. गिऱ्हाईक दारापर्यंत येऊन माघारी गेलं म्हणायचं.

आजपासून एवढं करा

– मूळ क्लिपची साईज बघा. मोबाईलच्या गॅलरीत 'डिटेल्स' मध्ये, कॉम्प्युटरवर फाईलवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' मध्ये.
– ते आकडे, प्रोजेक्टचे आकडे आणि एक्सपोर्टचे आकडे एका कागदावर लिहा. जिथं पहिल्यांदा फरक पडतो, चूक तिथंच आहे.
– पूर्ण व्हिडिओ काढण्याआधी १० सेकंदांचा तुकडा एक्सपोर्ट करून दुसऱ्याच्या मोबाईलवर बघा.
– भाव आणि नंबर कडेला चिकटवू नका, मधल्या भागात ठेवा. थोडं कापलं गेलं तरी नंबर वाचतो.
– फ्रेममध्ये एखादी गोल वस्तू असू द्या. ताट, बांगडी, घड्याळ, काहीही. ती गोल दिसली तर चित्र ओढलेलं नाही.

मी तो व्हिडिओ शेवटी पुन्हा बनवला. ९:१६ चा नवीन प्रोजेक्ट, बोर्डाची आडवी क्लिप काढून टाकली, पाटी पूर्ण. वीस मिनिटांचं काम होतं. पण लग्नसराईतले ते दोन दिवस काही परत आले नाहीत. तुमचे जाऊ देऊ नका. एक्सपोर्टचं बटण दाबण्याआधी तीन आकडे वाचा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!