काळ्या रेघा दिसेनाशा होतात तेव्हा

पांढऱ्या कागदावर काळ्या शाईच्या ठळक रेघा. त्यांच्यासमोर धरलेली काचेची छोटी नळी, नळीत थोडं द्रावण आणि त्यात बोटाला टोचून काढलेलं थेंबभर रक्त. पाचेक मिनिटं थांबायचं आणि नळीतून आरपार बघायचं. रेघा स्पष्ट दिसल्या तर प्रश्न मिटला. द्रावण गढूळ होऊन रेघा गडप झाल्या, तर त्या रक्तात सिकलसेलचं हिमोग्लोबिन आहे.

या ‘सोल्युबिलिटी’ चाचणीला ना वीज लागते, ना यंत्र. म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आश्रमशाळांत, उपकेंद्रांत ती सहज होते. पण तिची खरी गंमत वेगळीच आहे. द्रावणातलं एक रसायन लाल पेशी फोडतं आणि दुसरं हिमोग्लोबिनचा प्राणवायू काढून घेतं. प्राणवायू गेला की सिकलचं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं, त्याच्या लांबलचक काड्या होतात. त्या काड्यांनी पाणी गढूळ होतं. शरीरात हेच घडलं तर गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि केसाहून बारीक रक्तवाहिनीत अडकून बसते. म्हणजे रुग्णाच्या हाडापोटात जे घडून तो रात्रभर कण्हतो, तेच या नळीत आपल्यासमोर घडत असतं.

नळी बाजूला ठेवून जरा शस्त्रक्रियेच्या शिबिराकडे वळू. धानोरा तालुक्यात चातगावजवळ ‘सर्च’चं शोधग्राम आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ही संस्था १९८६ मध्ये सुरू केली. इथल्या दवाखान्याला आदिवासींच्या देवीचं नाव आहे, माँ दंतेश्वरी. बाहेरगावचे सर्जन इथे येऊन शस्त्रक्रिया करतात. भामरागडकडे गेलं की हेमलकसा, १९७३ पासूनचा आमटे कुटुंबाचा लोकबिरादरी प्रकल्प. कुणी हर्नियासाठी येतं, कुणी हत्तीपायाच्या जंतांनी मागे ठेवलेल्या अंडवृद्धीसाठी, कुणी ‘अंग बाहेर येतं’ म्हणून. अशा ठिकाणी पेशंटला सगळ्यात जिव्हारी लागणारं वाक्य एकच: ‘रक्त कमी आहे, ऑपरेशन आत्ता नाही.’ रोवणी सोडून, दोन गाड्या बदलून आलेल्या माणसाला ते ऐकवायचं म्हणजे सांगणाऱ्याचीही परीक्षाच.

कमी म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर डेसिलिटरमागे बाईला १२ आणि पुरुषाला १३ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन असलं की रक्तक्षय. ऑपरेशनसाठी मात्र बरीच वर्षं ‘१०’ हा आकडा मंत्रासारखा म्हटला गेला. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या दोन डॉक्टरांनी १९४२ मध्ये अनुभवावरून लिहिलेला तो सल्ला. त्यामागे मोठा अभ्यास नव्हता, तरी चाळीसेक वर्षं जगभर त्या आकड्यावर बाटल्या चढत राहिल्या. आता रक्त चढवण्याची रेषा बहुतेक पेशंटसाठी ७-८ पर्यंत खाली आली आहे. पण म्हणून रक्तक्षय निरुपद्रवी ठरत नाही. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या २,२७,४२५ शस्त्रक्रियांच्या पाहणीत जवळपास तीस टक्के पेशंट रक्तक्षयासह टेबलावर गेले होते. त्यांच्यात महिन्याभरातले मृत्यू आणि गुंतागुंत दोन्ही जास्त होती, अगदी सौम्य रक्तक्षयातसुद्धा.

मग गोळ्या द्या, वाढवा रक्त! इतकं सोपं ते नाही, कारण शरीराचा लोहाचा हिशेब कमालीचा कंजूष आहे. अस्थिमज्जा दर सेकंदाला वीसेक लाख लाल पेशी घडवते. पण त्यासाठीचं लोह ती जुन्या, १२० दिवस जगून संपलेल्या पेशी मोडून मिळवते. अन्नातून रोज फार तर एक-दोन मिलिग्रॅम आत येतं. सबंध शरीरात मिळून तीन-चार ग्रॅम, म्हणजे एखाद्या खिळ्याएवढं. धडधाकट बाईच्या मिलिलिटरभर रक्तात अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. पाळीत ८० मिलिलिटर गेलं की चाळीस मिलिग्रॅम गेलं, म्हणजे अन्नातून महिनाभर जमवलेलं जवळपास सगळं. वर अनवाणी पायातून शिरलेले आकडेकृमी. त्यांच्यातल्या हावऱ्या जातीचा एक जंत दिवसाला ०.२ मिलिलिटरच्या आसपास रक्त गमावायला लावतो. शंभर असले तर वीस मिलिलिटर, रोज. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा अख्खा डोंगर लोहखनिजाचा आहे. त्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या बाईच्या अंगात मात्र खिळ्यापुरतंही लोह उरत नाही. आणि जेवणावर घेतलेला कोरा चहा आहे तेवढंही अडवतो.

लोहाच्या दारावर पहारेकरीही आहे. यकृतात तयार होणारं हेपसिडिन हे संप्रेरक २००० च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या हाती लागलं. अंगात जंतुसंसर्ग किंवा जखम असली की हेपसिडिन वाढतं आणि आतड्यातून लोह आत घेणारं दार बंद होतं. जंतूंनाही लोह लागतंच, तेव्हा शरीर त्यांची रसद तोडतं. पण ऑपरेशन हीही जखमच! त्यामुळे टाके पडल्यावर गिळलेल्या लोहाच्या गोळ्या बऱ्याचशा तशाच बाहेर पडतात. हे वाचलं तेव्हा मी थक्क झालो. ‘ऑपरेशन उरकून घ्या, रक्त मागून वाढवू’ हे किती साळसूद वाटतं, आणि शरीराच्या व्यवहारात किती उलटं! गोळी लागू पडते ती आधीच्या तीन-चार आठवड्यांत. तारीख पुढे ढकलणं हा म्हणूनच उपचाराचा भाग.

पण गोळी लागू पडायला रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा हवा. इथे आपली नळी परत येते.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतला सहावा दुवा बदललेला असतो; १४६ दुव्यांपैकी फक्त एक. तो एका पालकाकडून आला तर माणूस ‘एएस’, म्हणजे वाहक. त्याचं रक्त बहुधा भरपूर असतं आणि ऑपरेशनही सहसा सुरळीत पार पडतं. दोघांकडून आला तर ‘एसएस’. रेघा गडप झाल्यावर या दोघांतला कोणता, हे इलेक्ट्रोफोरेसिस नावाची पुढची चाचणी सांगते. हा बदल इतका घातक, तर पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? उत्तर मलेरियात आहे. ॲलिसन या संशोधकांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतून दाखवलं की वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. गडचिरोलीच्या जंगलात मलेरिया आजही आहे. ‘आमचं रक्त खराब आहे म्हणतात’ असं कुणी खाली मान घालून बोलतं तेव्हा हे सांगावंसं वाटतं की याच रक्तानं पूर्वजांची पोरं तापातून वाचवली.

एसएस रुग्णाचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं सात-आठच्या घरात असतं. त्याच्या पेशी १२० दिवसांऐवजी जेमतेम दोन-तीन आठवडे जगतात. मोडलेल्या पेशींचं रंगद्रव्य साठून कोवळ्या वयात पित्ताशयात खडे होतात. रक्त न पोचल्यानं खुब्याचं हाड झिजतं. म्हणजे सर्जनची गाठ यालाच जास्त पडायची! लोहाची कमतरता वेगळी सापडली नाही तर लोहाच्या गोळ्यांनी त्याचं रक्त वाढत नाही. वारंवार रक्त चढलेलं असेल तर उलट अंगात लोह साचून राहतं. मग आधी रक्त द्यायचं का? २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत कमी किंवा मध्यम जोखमीच्या ऑपरेशनांआधी रक्त न दिलेल्या ३३ पैकी १३ जणांना दखल घ्यावी अशी गुंतागुंत झाली, दिलेल्या ३४ पैकी पाच जणांना. पण हात मोकळा सोडूनही चालत नाही. दहाच्या फार वर नेलं की रक्त दाटतं आणि नको तिथे अडकतं. शिवाय रक्ताची पिशवी शीतपेटीत जेमतेम सहा आठवडे टिकते, आणि पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा रस्ताच बंद. तिकडच्या ऑपरेशनच्या तारखेत नदीचंही मत धरावं लागतं.

टेबलावर गेल्यावर भुलतज्ज्ञ नळीतली गोष्ट उलटी चालवत असतो. नळीत आपण प्राणवायू काढून घेतला होता. इथे तो क्षणभरही कमी पडू द्यायचा नाही. उपाशी ठेवायचं, पण शिरेतून पाणी सुरू ठेवून, कारण सुकलेली पेशी लवकर वाकते. हातापायाला रक्त रोखणारा पट्टा आवळताना दहादा विचार करायचा. आणि थंडी बाधू द्यायची नाही. बाहेर मे महिना, चंद्रपूरचा पारा पंचेचाळिसाच्या वर. आत सर्जनच्या टोपीखालून घाम निथळतोय, आणि एसीकडे वळलेला हात सिस्टर अडवते आहे. टेबलावरच्या पोराच्या अंगावर गळ्यापर्यंत ब्लँकेट ओढलेलं आहे.