टपालाने होणारी जुन्या वस्तूंची निर्यात

वापरलेली किंवा जुनी वस्तू परदेशातील ग्राहकास टपालाने विकताना प्रेषकाने सीमाशुल्क-अधिकाऱ्यांसाठी भरून द्यावयाची घोषणापत्रे व त्यांमागील नियम यांची ही व्यवस्था होय. नव्या मालाबरोबर कारखान्याचे बीजक असते. त्यावरून वस्तूचे नाव, किंमत व निर्मितीचे वर्ष पडताळता येते. जुन्या वस्तूला असा कागद क्वचितच असतो. ती काय आहे, तिची किंमत किती आणि ती किती जुनी आहे, या तिन्ही प्रश्नांना प्रेषकाचे घोषणापत्र हेच बहुधा एकमेव लेखी उत्तर असते. त्यांपैकी वयाचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. कारण वस्तूवर कर किती पडेल एवढेच नव्हे, तर ती देशाबाहेर जाऊ शकेल की नाही, हेही त्यावरून ठरते.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे स्वरूप सिंधुदुर्ग जिल्ह्यात विशेष स्पष्ट दिसते. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागांतील जुन्या घरांत पितळी समया, लाखकामाचे पाट व पेट्या, नाणी, जुनी कागदपत्रे आणि हाताने रंगविलेल्या गंजिफा पिढ्यानपिढ्या जपलेल्या आढळतात. सावंतवाडीची गंजिफा म्हणजे लाखेचा हात दिलेल्या वाटोळ्या पत्त्यांचा संच. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी एकूण १२० पाने असतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीच्या राजघराण्याने राजवाड्यात कार्यशाळा चालवून या कलेला नवे जीवन दिले. त्यामुळे परंपरागत धाटणीचे नवे संच व जुने संच दिसावयास पुष्कळदा सारखे असतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र ते अगदी भिन्न ठरू शकतात.

आंतरराष्ट्रीय व्यवस्था : निरनिराळ्या देशांच्या टपालव्यवहारात एकसूत्रीपणा आणण्यासाठी बर्न येथे १८७४ साली झालेल्या करारान्वये जागतिक टपाल संघाची स्थापना झाली. १८७६ मध्ये भारत त्यात सामील झाला. संघाने ठरविलेली घोषणापत्रे सर्वत्र एकाच नमुन्याची असतात. त्यांपैकी ‘सीएन २२’ हे लहान पत्रक कमी किंमतीच्या छोट्या पुडक्यांवर चिकटवितात. किंमत ३०० ‘विशेष उचल हक्कां’हून (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबातील एकक) अधिक असल्यास, त्याचप्रमाणे पार्सलांसाठी, ‘सीएन २३’ हे सविस्तर घोषणापत्र भरावे लागते. दोहोंत वस्तूचे वर्णन, संख्या, वजन, किंमत, मूळ देश आणि वर्गीकरणाचा संकेतांक या बाबी असतात. पाठवणीचे कारणही सांगावे लागते : भेट, नमुना, विक्रीचा माल, परत पाठविलेला माल इत्यादी. २०२१ च्या प्रारंभापासून हा तपशील पुडक्याच्या आधी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने गंतव्य देशाकडे पाठविणेही संघाच्या नियमांनी आवश्यक केले आहे.

भारतातील कार्यपद्धती : टपालाने जाणाऱ्या मालास सीमाशुल्क अधिनियम, १९६२ लागू होतो. खाजगी भेटवस्तूंना सामान्यतः वरील घोषणापत्र पुरते. विक्रीचा माल असल्यास त्याशिवाय ‘टपाल निर्यातपत्र’ भरावे लागते. २०२२ च्या विनियमांनी ते संगणकावर सादर करण्याची सोय केली. विक्रेत्यापाशी विदेश व्यापार महासंचालनालयाने दिलेला आयात-निर्यात संकेतांक असावा लागतो आणि ग्राहकाने दिलेली रक्कम अधिकृत मार्गाने व ठरावीक मुदतीत देशात यावी लागते. पूर्वी लहान गावच्या विक्रेत्यास ही कामे अवघड जात. २०२२ पासून डाक खात्याने ‘डाकघर निर्यात केंद्रे’ उघडली. तेथे पुडके नोंदविल्यावर ते मुंबईच्या बॅलार्ड इस्टेट भागातील कार्यालयासारख्या परकीय डाक कार्यालयात जाते आणि सीमाशुल्काची तपासणी विक्रेत्याच्या गैरहजेरीत पार पडते. अधिकाऱ्यासमोर फक्त पुडके व त्यावरील कागद असतात. कागद अपुरा असेल, तर खुलासा करावयास तेथे कोणी नसते.

वर्णन व किंमत : वर्णन मोघम असू नये. ‘जुना खेळ’ असे लिहिण्यापेक्षा ‘हाताने रंगविलेला गंजिफाचा संच, १२० पाने, लाकडी पेटीसह, वापरलेला, सु. १९७५’ असे लिहिणे योग्य. किंमत म्हणून वस्तूची मूळ खरेदीची नव्हे, तर ग्राहकाने प्रत्यक्षात दिलेली रक्कम लिहितात. कर वाचावा म्हणून विक्रीच्या मालावर ‘भेट’ अशी खूण करणे किंवा किंमत कमी दाखविणे ही खोटी घोषणा ठरते. अशा मालाची जप्ती व प्रेषकास दंड होऊ शकतो. शिवाय पुडके गहाळ झाल्यास भरपाई मागताना कमी लिहिलेली किंमत प्रेषकाच्याच आड येते. ग्राहकाने नाकारलेली वस्तू परत आल्यास, तीच वस्तू पूर्वी निर्यात झाली होती, हे या कागदांवरूनच पटवावे लागते. म्हणून घोषणापत्राची प्रत, पावती व वस्तूची छायाचित्रे जपून ठेवणे हिताचे असते.

वस्तू वापरलेली आहे, एवढ्यावरून गंतव्य देशात करमाफी मिळत नाही. अल्प किंमतीच्या मालास असलेल्या सवलतीही आता आटल्या आहेत. यूरोपीय संघाने २२ यूरोपर्यंतची मूल्यवर्धित करातील सूट १ जुलै २०२१ पासून रद्द केली. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाची शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून थांबविली. या बदलामुळे भारतीय डाक खात्यास त्या देशाकडे जाणारे बहुतेक टपाल काही आठवडे स्थगित ठेवावे लागले. ही सेवा ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

शंभर वर्षांची मर्यादा : पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, १९७२ हा कायदा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आला. त्यापूर्वी या विषयावर १९४७ चा निर्यात-नियंत्रण कायदा होता. १९७२ च्या अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे जुनी शिल्पे, चित्रे, नाणी, हस्तकौशल्याच्या व ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू हे पुरावशेष होत. शास्त्रीय, ऐतिहासिक, वाङ्‌मयीन किंवा सौंदर्यात्मक मूल्य असलेली हस्तलिखिते व दस्तऐवज यांच्या बाबतीत ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. पुरावशेषांची निर्यात केंद्र शासन किंवा त्याने अधिकृत केलेली संस्था यांनाच करता येते. इतरांनी ती केल्यास किमान सहा महिने व कमाल तीन वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे.

येथे प्रेषकाची एक विलक्षण कोंडी होते. ‘एचएस’ या जागतिक वर्गीकरणात गंजिफा खेळण्याच्या पत्त्यांत, म्हणजे ९५०४ या शीर्षकाखाली येते. पण वस्तू शंभर वर्षांहून जुनी असल्यास तिला प्राचीन वस्तूंचे ९७०६ हे शीर्षक लागू पडते. अनेक देशांत या शीर्षकाखालील वस्तूंवर शुल्क नसते किंवा अल्प कर असतो. त्यामुळे परदेशी ग्राहक तोच संकेतांक लिहिण्याचा आग्रह धरतो. परंतु जो आकडा परदेशी बंदरात सवलत मिळवून देतो, तोच भारतात वस्तू पुरावशेष असल्याची कबुली ठरू शकतो. उलट, जुन्या संचावर ‘नवी हस्तकला’ असे लिहिणे ही खोटी घोषणा होय. शंभर वर्षांचा संच परदेशी धाडण्याजोगा करील असा कोणताही शब्द घोषणापत्रात लिहिता येत नाही.

वयाविषयी शंका असल्यास भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे वस्तू व तिची छायाचित्रे सादर करून ती पुरावशेष नसल्याचा दाखला मागता येतो. वस्तू पुरावशेष आहे की नाही, याबद्दल सर्वेक्षणाचे महासंचालक अथवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी यांचा निर्णय अंतिम असतो. अलीकडच्या काळातील, पण जुन्या धाटणीच्या संचाबरोबर असा दाखला जोडल्यास तपासणीतील खोळंबा टळतो.

अन्य निर्बंध : काही जुन्या वस्तूंच्या बाबतीत वयापेक्षा द्रव्याचा प्रश्न आड येतो. विजयदुर्गच्या परिसरात पूर्वी गव्याच्या शिंगाच्या शोभिवंत वस्तू बनत. गव्याचे शिंग, हस्तिदंत, कासवाची पाठ व प्रवाळ यांच्या वस्तू वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व दुर्मिळ जीवजातींच्या व्यापाराविषयीचा आंतरराष्ट्रीय करार यांच्या कक्षेत येतात. वस्तू आजोबांच्या काळची आहे, एवढ्या कारणाने ती पाठविता येत नाही. शिसवी पेट्यांनाही २०१७ पासून या कराराचे नियम लागू आहेत.

गंतव्य देशही आता मूळ देशाच्या कायद्याची दखल घेतात. सांस्कृतिक संपत्तीच्या अवैध व्यापाराविरुद्ध यूनेस्कोने १९७० मध्ये केलेल्या कराराला भारताने १९७७ मध्ये मान्यता दिली. मूळ देशाचा कायदा मोडून बाहेर नेलेल्या सांस्कृतिक वस्तूंना प्रवेश देण्यास यूरोपीय संघाने डिसेंबर २०२० पासून बंदी केली असून त्याची संपूर्ण नियमावली जून २०२५ पासून लागू झाली आहे. त्यामुळे अशी वस्तू पोहोचली, तरी ग्राहकाकडून ती जप्त होण्याचा संभव राहतो.

पुरावशेष ठरलेली वस्तू मालकास देशातच विकता येते अथवा संग्रहालयास देता येते. परदेशात मिळणाऱ्या किंमतीच्या मानाने देशातील किंमत कमी असते, हे मालकाचे खरे नुकसान होय. मात्र हातांनी बनविलेला संच एकदा फुटून त्याची पाने निरनिराळ्या देशांत गेली, की त्यावरून मूळ रंगसंगती व आकृती शिकण्याचे साधन सावंतवाडीच्या कारागिरास उरत नाही. नव्या संचाला टपालाची वाट मोकळी आहे. तो घडविण्यासाठी लागणारा जुना नमुना मात्र येथेच राहावा लागतो.