जुनी, बदललेली गाडी विकताना: आधी ऐब, मग भाव

वसई पूर्वेच्या वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्यात आणि पुढे महामार्गालगत पेल्हार-धानीवपर्यंत गाड्यांच्या कामावर पोट असलेले आपले कारागीर पुष्कळ आहेत. डेंटर, पेंटर, सीटमेकर, वायरमन, लेथवाला, भंगारवाला, सगळे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. यातल्या एखाद्या गॅरेजच्या मागे ताडपत्रीखाली एक जुनी गाडी उभी दिसते. कधी पद्मिनी, कधी विलीज जीप, क्वचित डॉज किंवा प्लिमथ. मालकाने हौसेने काम काढले, पैसे संपले, काम थांबले. आता ती विकायची आहे. अशा गाडीचा सौदा नव्या गाडीसारखा होत नाही आणि भंगारासारखाही होत नाही. म्हणूनच यात माणसे फसतात, आणि बरेचदा विकणाराच फसतो.

अमेरिकेत १९६४ च्या सुमारास मधल्या आकाराच्या बॉडीत मोठे इंजिन बसवून बेताच्या किमतीला विकलेल्या गाड्यांना ‘मसल कार’ म्हणतात. पाँटिअॅक जीटीओ ही त्यांतली नावाजलेली. आपल्याकडे त्या गाड्या जवळपास आल्याच नाहीत. आपल्याकडे होत्या त्या त्याआधीच्या मोठ्या अमेरिकन गाड्या. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या जात. सरकारी धोरण बदलल्यावर १९५३-५४ च्या सुमारास परदेशी जोडणीवाले निघून गेले. मग १९७३ नंतर पेट्रोल महागले आणि या अवाढव्य गाड्या पोसणे मालकांना जड झाले. तेव्हा मिस्त्री लोकांनी मूळ पेट्रोल इंजिन काढून पर्किन्सचे किंवा मॅटॅडोरचे डिझेल इंजिन बसवले. बॉडी डेट्रॉइटची, आवाज टेम्पोचा! पण त्या जुगाडानेच अनेक गाड्या भंगारात जाण्यापासून वाचल्या, हे त्या कारागिरांचे श्रेय मान्य केले पाहिजे.

पद्मिनीची कथा निराळी. ती गल्लीबोळातली गाडी, १०८९ सीसी इंजिन, स्टिअरिंगजवळचा गिअर. तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तेव्हापासून पद्मिनी असलेला प्रत्येक जण स्वतःला खजिन्याचा मालक समजू लागला आहे. वस्तू दुर्मीळ झाली हे खरे; पण भाव मिळतो तो मूळ स्वरूपातल्या गाडीला. रुंद टायर, बकेट सीट, जमिनीवर आणलेला गिअर, कापलेले मडगार्ड यांवर मालकाने जो खर्च केला तो त्याच्या हौसेचा होता. घेणारा त्याचे पैसे देत नाही. उलट ते सारे काढून टाकण्याचा खर्च तो भावातून वजा करतो.

याचे एक कारण कायद्यात आहे. केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ ही अक्षरे. पण अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. म्हणजे मॅटॅडोरचे इंजिन बसवलेली डॉज कितीही जुनी असो, या नोंदणीसाठी ती अडणारच. शिवाय अशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणता येते. ‘व्हिंटेज करून घ्या आणि लग्नाच्या वरातीला भाड्याने द्या’ असे सांगणारे दलाल भेटतात. त्यांचे ऐकू नये.

साध्या नोंदणीवर राहायचे तर १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ही फी मोटारीला पूर्वी ६०० रुपये होती. ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने २० वर्षांवरील मोटारीसाठी १०,००० करण्यात आली. आयात केलेल्या चारचाकीला ८०,००० आहे. त्याखेरीज पर्यावरण कर. नूतनीकरण थकलेली गाडी विकायची असेल तर ही थकबाकी कोण भरणार हे आधी ठरवा. सौद्यानंतरची भांडणे बहुतेक इथेच होतात.

इंजिन बदलाबाबत मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ पाहावे. कंपनीने दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा ठरणारा फेरबदल त्यात मना आहे. मान्यताप्राप्त सीएनजी किटसारख्या बाबींना परवानगी घेऊन मुभा आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाजू उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला अशा प्रत्येक बेकायदा फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. तेव्हा गाडी दाखवण्यापूर्वी नोंदणी पुस्तक हातात घेऊन चासीवरचा आणि इंजिनवरचा क्रमांक स्वतः ताडून पाहा. इंजिनचा क्रमांक जुळत नसेल तर ती बाब पहिल्याच भेटीत सांगा. नाव बदलताना ती उघडी पडतेच, आणि तेव्हा समोरचा माणूस तुम्हाला चोर समजतो.

काढून ठेवलेले मूळ इंजिन, गिअरबॉक्स, चाकाच्या टोप्या, मूळ मीटर, पितळी बोधचिन्ह हा माल गोणीत पडून असतो. तो भंगारात किलोवर घालवू नका. ज्याला गाडी पुन्हा मूळ रूपात आणायची आहे त्याच्या लेखी त्या गोणीची किंमत वर बसवलेल्या इंजिनापेक्षा जास्त असते. भाग पुसून, चिठ्ठ्या लावून, गाडीसोबतच दाखवावेत. आधी हे भाग वेगळे विकून मग रिकामी गाडी विकायला बसणारे दोन्हीकडून कमी घेतात.

आता पत्र्याचा प्रश्न. वसईची हवा खारी, मिठागरे जवळ, आणि पावसाळा चार महिन्यांचा. पद्मिनीला वेगळी चासी नाही, पत्राच सगळा भार उचलतो. म्हणून तिचा गंज हा दिसण्याचा दोष नसून जिवाचा दोष आहे. पायाखालची फरशी, दारांचा खालचा कडा, स्टेपनीची जागा आणि पाटे जिथे बॉडीला जोडले आहेत त्या जागा आधी बघाव्यात. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी येऊन गाड्या बंद पडल्या होत्या. तसे पाणी ज्या गाडीच्या सीटपर्यंत चढले असेल तिची वायरिंग आणि फरशी यांविषयी वेगळे सांगायला नको.

विकण्यापूर्वी गाडीला रंग मारून घ्यावा का, हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. आमचे उत्तर: मारू नये. गंजावर लांबी भरून वर चकाकता रंग दिला की जाणता गिऱ्हाईक लगेच कपड्यात गुंडाळलेले लोहचुंबक काढतो. लांबीवर ते चिकटत नाही. मग तो सगळ्याच गाडीवर संशय घेतो आणि जिथे पत्रा चांगला आहे तिथेही भाव पाडतो. गाडी धुवावी, आतला कचरा काढावा, बॅटरी लावून इंजिन सुरू होत असेल तर करून दाखवावे, खालून टॉर्च मारून गंज स्वतःच दाखवावा. अर्धवट डेंटिंग झालेले असेल तर ते तसेच उघडे राहू द्यावे. उघडा पत्रा घेणाऱ्याला धीर देतो.

इथे आपल्या दीनची शिकवण आणि धंद्याची अक्कल एकाच दिशेने जातात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. पावसाने भिजले, असे विकणाऱ्याने सांगितले. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणारा आपल्यातला नाही असे बजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपल्या सर्वांना ठाऊक आहे. लांबीखालचा गंज म्हणजे राशीखालची ओलच होय.

‘आहे तशी, आहे तिथे’ असे कागदावर लिहून घेतले की सुटलो, असे पुष्कळांना वाटते. याबाबत मसलकांत फरक आहे आणि तो वसईत रोजच्या व्यवहारात आडवा येतो. कारण कोकणी मुसलमान शाफई आहेत आणि उत्तरेकडून आलेले बहुतेक कारागीर हनफी. हनफी फिकहनुसार सर्व ऐबांतून मुक्त राहण्याची अट घेणाऱ्याने मान्य केली तर नंतर ऐब निघाला म्हणून वस्तू परत करता येत नाही. शाफई मताप्रमाणे अशी सरसकट अट चालत नाही. जनावरातला, विकणाऱ्यालाही ठाऊक नसलेला आतला ऐब एवढाच अपवाद. परंतु माहीत असलेला ऐब लपवणे दोन्हीकडे गुनाहच आहे. म्हणून उत्तम मार्ग असा की सरसकट वाक्य लिहिण्याऐवजी ऐबांची नावे लिहावीत: फरशी उजवीकडे सडलेली, इंजिन मूळ नाही, दुसरा गिअर सुटतो, हँडब्रेक नाही. खाली दोघांच्या सह्या, एक प्रत प्रत्येकाकडे. देशाच्या कायद्यापुढेही हाच कागद कामाला येतो.

भाव काढताना ‘माझे इतके लागले’ हा हिशेब सोडून द्यावा. हिशेब उलट्या बाजूने करावा. समजा, तशीच पण नीट पूर्ण झालेली गाडी ३ लाखांना जाते. पत्रा आणि रंग ९०,०००, इंजिन ४०,०००, सीट, रबर, काचा ३०,०००. काम झाले १,६०,००० चे. राहिले १,४०,०००. उघडल्यावर निघणाऱ्या गंजासाठी आणि थांबण्याच्या वेळेसाठी घेणारा आणखी ४०,००० राखून ठेवणार. म्हणजे गाडी लाखाची झाली. आकडे उदाहरणाचे आहेत, पण रीत हीच. कामाचे अंदाज ज्या त्या कारागिराकडून लेखी घ्यावेत आणि गिऱ्हाइकासमोर ठेवावेत. आपल्याच ओळखीच्या माणसाला गिऱ्हाईक म्हणून उभे करून खोटा वरचढ भाव बोलायला लावणे हा नजश होय. त्याची मनाई स्पष्ट आहे.

बयाना घेताना मुदत आणि ‘सौदा मोडला तर काय’ हे लिहावे. घेणारा फिरला तर बयाना जप्त करणे हनफी, शाफई आणि मालिकी मतांत नाजायज आहे. हंबली मतात जायज आहे, आणि १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने मुदत ठरलेली असल्यास त्यास मान्यता दिली. स्थानिक आलिमांना विचारून एक रीत ठरवावी व ती आधी सांगावी.

पैसे हातात आले आणि गाडी गेली म्हणजे सुटका झाली असे नाही. फॉर्म २९ आणि ३० यांवर सह्या होऊन नोंदणी बदलेपर्यंत मालक तुम्हीच. राज्यातल्या राज्यात विक्रीची खबर विकणाऱ्याने १४ दिवसांत द्यावयाची असते. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात, गाडी एकामागून एक अनेक हातांत गेलेली असूनही, अपघाताची भरपाई नोंदणीतल्या मालकावर ठेवली. कोऱ्या फॉर्मवर सही करून दलालाच्या हाती गाडी देण्याची आपल्याकडची सवय या निकालानंतर तरी थांबायला हवी. दलालांसाठीही एप्रिल २०२३ पासून परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घेण्याची पद्धत आली आहे. अशा अधिकृत व्यापाऱ्याकडे गाडी सोपवल्याची खबर दिली की जबाबदारी त्याच्याकडे जाते. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला जुन्या गाडीवर जानेवारी २०२५ पासून १८ टक्के कर आहे, तोही फक्त नफ्याच्या रकमेवर. घरची गाडी विकणाऱ्या साध्या माणसाला तो लागत नाही.

शेवटी गॅरेजवाल्या बंधूंसाठी. गिऱ्हाईक गाडी टाकून गेले, बिल थकले, जागा अडली, म्हणून ती गाडी परस्पर विकण्याची वेळ अनेकांवर येते. भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे. विकण्याचा मात्र नाही. मालकाच्या सहीशिवाय विकली तर विश्वासघाताचा गुन्हा तुमच्यावरच लागू शकतो. शाफई मताप्रमाणे असा सौदा बातिल आहे. हनफी मतात मालकाच्या मंजुरीपर्यंत तो लटकलेला राहतो. गाडी घेतानाच जॉबकार्डावर अंदाजित खर्च, मुदत आणि मुदतीनंतरचे जागेचे भाडे लिहून मालकाची सही घ्यावी. गाडी आधीच पडून असेल तर नोंदणीतल्या पत्त्यावर पोचपावतीसह रजिस्टर पत्र पाठवावे, गाडीचे फोटो तारखेसह ठेवावेत, आणि मालक यायला तयार असेल तर त्यालाच सोबत घेऊन गिऱ्हाईक शोधावे: बिल आधी वळते करून उरलेली रक्कम त्याला द्यावी. बहुतेक मालकांना गाडीची लाज वाटत असते आणि बिलाची भीती. दोन्हींवर असा तोडगा समोर ठेवला तर ते फोन उचलतात.